बारा जूनला ऊस नसतो

१२ जून हा जागतिक बालमजुरीविरोधी दिन. साखर कारखानदारांच्या राज्याला याहून सोयीची तारीख शोधूनही सापडली नसती. ती आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००२ साली ठरवली, त्यात आपल्या कुणाचा हात नाही, हे मान्य. पण काहींचं नशीबच बलवत्तर असतं. बारा जूनला फडात ऊस नसतो. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, महिना-दोन महिने झालेले असतात, ऊसतोड टोळ्या आपापल्या गावी परतलेल्या असतात, लेकरं अंगणात असतात. त्या दिवशी कुणा साहेबाने गाडी काढून सांगलीपासून सोलापूरपर्यंतचे सगळे फड पालथे घातले तरी कोयत्यामागे मोळी बांधणारं एक पोर त्याला दिसणार नाही. मग शपथ घ्यायची, बॅनर धरायचा, फोटो काढायचा आणि अहवाल पाठवायचा.

शाळाबाह्य मुलं शोधायची वेळ आली तेव्हाही आपण हीच हुशारी दाखवली. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. कधी, तर जुलैमध्ये. पुढे २०२२ साली ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ आलं. तेही ५ ते २० जुलै. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव इथलं ऊसतोड मजुराचं लेकरू जुलैमध्ये शाळेत असतंच. दिवाळी झाली की ते नसतं. गुढीपाडव्यानंतर, कधी आखाजीनंतर उगवतं. जे नोव्हेंबर ते मार्च गायब असतं त्याला जुलैत शोधणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. मूर्खाकडून चूक एकदा या बाजूला होते, एकदा त्या बाजूला. इथे दर वेळी एकाच बाजूला होते.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तरकी केली. मानसोपचाराची पदवी माझ्याकडे नाही. पण जाताना एक आणि येताना दुसरंच असं लेकरू मी दर वर्षी पाहिलं आहे आणि त्याच्या डोक्यात मधल्या पाच महिन्यांत काय होतं यावर मला बोलायचं आहे. शरीराचं बोलून झालंय. कोयत्याचे घाव, ट्रॉलीखाली सापडलेली पोरं, सर्पदंश यांच्या बातम्या हंगामात येतात, आतल्या पानावर दोन इंच जागा मिळवतात. मनाला तेवढीही जागा नाही.

आधी कायदा. १९८६ चा बालमजुरी कायदा २०१६ मध्ये सुधारला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांतून मुक्त केलं. ऐकायला झकास. मग त्यालाच एक दिंडी दरवाजा ठेवला: मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आपल्या कुटुंबाला, कुटुंबाच्या उद्योगाला मदत केली तर चालेल, फक्त काम धोक्याचं नको. कुटुंब म्हणजे कोण? आई, बाप, भाऊ, बहीण. शिवाय काका, आत्या, मामा, मावशी. आमच्याकडे टोळी भावकीची नि पाहुण्यारावळ्यांचीच असते. या व्याख्येतून बाहेर राहतात ते फक्त बैल.

कारखान्यासाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊस तोडणं हा काही त्या जोडप्याचा घरचा उद्योग नव्हे. ऊस त्यांचा नाही, फड त्यांचा नाही, साखर तर नाहीच. कायदा नीट वाचणाऱ्याला हे कळतं. पण बांधावर उभ्या राहिलेल्या निरीक्षकाला दिसतात आई, बाप आणि पोर. घरचीच माणसं आहेत, असं म्हणून तो गाडीत बसतो. ‘शाळा सुटल्यावर’ हे कलमातले शब्द तर मला फार आवडतात. मजुरांच्या तळावर शाळाच नसेल तर ती सुटलेली कधी समजायची? पहाटे तीनला?

शिवाय इथे मालक कोण हे विचारून बघा. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी, मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी काय, मधला माणूस, मलाच कारखान्याचं देणं आहे. उचल जाते ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आणि अंगठा असतो नवऱ्याचा. बाई आयुष्यभर मोळ्या वाहते, तिचंही नाव कुठल्या मस्टरवर नसतं. जिथे आई कामगार नाही तिथे तिच्या हाताखालची लेक बालकामगार कशी असेल? मालक नाही, मजूर नाही, मजुरी नाही, आहे ती फक्त साखर. बालमजुरीचं उच्चाटन करायची ही महाराष्ट्राची पद्धत आहे.

आता त्या ‘घरच्या मदती’चं वेळापत्रक. नऊ-दहा वर्षांची थोरली पोर धरा. आई-बाप पहाटे तीन-चारला फडात जातात. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, ही आणि दोन लहान भावंडं. कोपीला दार नसतं. पाचटाचा नाहीतर ताडपत्रीचा पडदा असतो. पोरीने चूल पेटवायची, पाणी आणायचं, बाळाला सांभाळायचं, भाकरी फडात पोचवायची, तिकडे गेलीच आहेस तर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचं, बांधायचं, कारण वाढं विकून रोजचा भाजी-मिठाचा खर्च निघतो. भाऊ अकरा-बारा वर्षांचा असला तर तो तोडलेला ऊस ओढतो, मोळ्या बांधतो, बैलं सोडतो-जुंपतो. रात्री जेवून पाठ टेकली की ट्रॅक्टर येतो. बाराला येईल, दोनला येईल. आला की आई-बाप भरायला जातात आणि अंधारात, दार नसलेल्या कोपीत ती नऊ वर्षांची मुलगी दोन पोरांची राखणदार म्हणून जागी राहते. सापाची भीती असते. जुन्नरकडे गेलेल्या टोळीला बिबट्याची असते. आणि तळावर दारू पिऊन फिरणाऱ्या माणसाची सगळीकडे असते. त्या भीतीबद्दल ती आईलाही सांगत नाही.

असे पाच महिने. सलग झोप नाही. झोप म्हणजे आळस अशी आपल्याकडची समजूत असल्यामुळे याचं कुणाला काही वाटत नाही. पण वाढत्या मेंदूची दिवसभराची जमवाजमव, शिकलेलं पक्कं होणं, रागलोभ ताळ्यावर येणं, हे सगळं झोपेत होतं. आणि जागं राहण्याचं कारण जर भीती असेल तर शरीर ती भीती सकाळी कोपीत ठेवून येत नाही. एप्रिलमध्ये वर्गात परत आलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. फळ्यावर लिहिताना माझ्या पाठीमागे बाहेरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की बाकीची पोरं खिडकीकडे पळत. त्या पळत नसत. त्यांचे खांदे आवळले जात, मान खाली जाई आणि पुढची दहा मिनिटं त्यांना काही विचारण्यात अर्थ नसे. हे मी शिक्षणाधिकाऱ्यांना कोणत्या रकान्यात भरून द्यायचं होतं? आमच्याकडे रकाना होता ‘वाचन येते / येत नाही’.

पण भीतीपेक्षाही वाईट गोष्ट वेगळी आहे. ती समजायला थोडा हिशोब करावा लागेल.

समजा कोयत्याने एक लाख उचल घेतली. २०२४ मधल्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. म्हणजे लाख फेडायला साधारण २७३ टन. जोडी दिवसाला दोनेक टन तोडते. एकशे सदतीस दिवस झाले. यात मीठ-मिरची, दवाखाना, बैलाचा खर्च, मुकादमाच्या वहीतल्या बेरजा धरलेल्या नाहीत. हंगाम पाच महिन्यांचा. म्हणजे हे सगळं धरलं तर एकही दिवस पडून राहायला जागा नाही. पडलाच, तर खाडा. खाड्याचे पाचशे ते हजार रुपये उलटे कापले जातात. उचल फिटली नाही तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. पुढच्या वर्षी परत जायचं की नाही हा प्रश्नच मग शिल्लक राहत नाही.

हा हिशोब तळावरच्या प्रत्येक लेकराला येतो. कोपी आठ बाय आठची. तिच्यात नवरा-बायकोचं रात्रीचं बोलणं लपत नाही. ‘फिटंल का?’ हा प्रश्न ते लेकरू पाच महिने रोज ऐकतं. आणि एके दिवशी त्याला ताप येतो. आईला घरी राहावं लागतं. खाडा पडतो. बाप काही बोलत नाही, किंवा बोलतो. दोन्हींचा अर्थ लेकराला एकच लागतो: माझ्यामुळे पैसे गेले. आजारी पडलो म्हणून ओशाळणारी सात-आठ वर्षांची पोरं मी पाहिली आहेत. अंग भाजत असताना ‘काही झालं नाही सर’ म्हणणारी. आपलं असणं हाच घराला पडलेला खर्च आहे, ही समजूत त्या वयात एकदा मनात उतरली की ती निघत नाही. पुढे तो माणूस आयुष्यभर पगार मागताना, सुट्टी मागताना, नकार देताना अडखळतो आणि आपण त्याला ‘या लोकांच्यात महत्त्वाकांक्षाच नाही’ म्हणतो.

या कर्जावर सही बापाची असते. व्याज मात्र त्या पोराच्या डोक्यात चढत असतं आणि ते कुठल्याही कर्जमाफीत माफ होत नाही.

मन बोलत नसलं की पोट बोलतं. परत आलेल्या पोरांची पोटं दुखतात, डोकी दुखतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं की जंताची गोळी. थोड्या मोठ्या पोरींची दातखिळी बसते, कुणाच्या अंगात येतं. मग देवरुषी, लिंबू, ताईत, अमावास्येला उतारा. मी देवरुष्याची बाजू घेणार नाही, पण एक सांगतो: त्या पोरीशी अर्धा तास समोर बसून, तिला काय दिसतं, काय ऐकू येतं, हे विचारणारा तालुक्यात तो एकटाच माणूस होता. सरकारी व्यवस्थेने एवढंही केलेलं नव्हतं. मुलगे मात्र दुसऱ्या वाटेने जातात. अकराव्या-बाराव्या वर्षी गुटखा, मावा. झोप मरते, भूक मरते, हात चालतात. मग शाळेत आल्यावर तोंडातली पुडी सापडली म्हणून आम्ही त्याला कान धरून हेडमास्तरांपुढे उभा करतो. संस्कार नाहीत म्हणतो.

आणि ज्यांचं काहीच दुखत नाही, जी अंगावर धावून येत नाहीत, त्यांचं काय करतो? त्यांचं कौतुक. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो. ‘लई गुणाचं लेकरू हाय सर, कवा कशाचा हट्ट न्हाई,’ असं आई सांगते. ती बिचारी खरंच अभिमानाने सांगते, तिला मी काय बोलणार? पण स्टाफरूममध्येही तेच. न सांगता वर्ग झाडते, भावाचं नाक पुसते, डब्यातलं आधी धाकट्याला देते, कधी रडत नाही. आदर्श विद्यार्थिनी! खेळाच्या तासाला ही आदर्श विद्यार्थिनी मैदानाच्या कडेला उभी राहून सगळ्यांची दप्तरं सांभाळते. तिला खो-खोत बसवा. ती पळत नाही, कारण पळालं तर दप्तरांकडे कोण बघणार हा तिचा खराखुरा प्रश्न असतो. दहा वर्षांच्या मुलीला हट्ट करता येत नाही, भांडता येत नाही, आपल्याला काय हवं हे सांगता येत नाही. पाय मोडून आली असती तर आपण प्लॅस्टर घातलं असतं. ही मोडतोड आपल्या सोयीची आहे, म्हणून तिला आपण टाळ्या वाजवतो.

तिला मैत्रीणही नसते, हे एक राहिलं. बाकावरची शेजारीण दिवाळीनंतर दुसरीकडे बसायला लागते आणि एप्रिलपर्यंत तिची दुसरी गट्टी जमलेली असते. अशी चार वर्षं गेली की पोरगी मैत्री करायच्या भानगडीत पडत नाही. मोठ्यांना हे किरकोळ वाटेल. त्या वयात किरकोळ नसतं.

मी मास्तर, माझं निरीक्षण म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. पण शास्त्रानेही पाहिलं आहे. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, काम करणारी आणि न करणारी मुलं शेजारीशेजारी ठेवून मोजणी झाली. २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. भावनिक आणि वर्तनाच्या तक्रारी काम करणाऱ्यांत पाचात एकाला, न करणाऱ्यांत आठात एकाला. इथिओपियासारख्या गरीब देशाला मोजावंसं वाटलं. आमच्या शाळेत वजन आणि उंची मोजून गेले, दात बघून गेले.

इथे हमखास एक आवाज येतो. पुण्यातल्या सोसायटीतल्या, आता निवृत्त, अमेरिकेत नातवंडं असलेल्या गृहस्थांचा. ‘अहो, आम्हीसुद्धा लहानपणी कामं केली आहेत. शेण काढलं, पाणी शेंदलं, माधुकरी मागून शिकलेले लोक होते आमच्यात. आम्हाला नाही कुठे मानसिक आजार झाला! उलट कष्टाने माणूस घडतो.’ काका, तुम्ही शेण काढलंत, मान्य. मग आंघोळ करून शाळेत गेलात. संध्याकाळी घरी आलात तेव्हा घर होतं, त्याला दार होतं आणि पुढच्या वर्षीही तीच शाळा, तोच बाक, तोच चिंतामण शेजारी. तुमच्या शेणाने बापाचं कर्ज फिटत नव्हतं; तुम्ही एक दिवस नाही काढलंत तर शिव्या बसत, खाडा पडत नव्हता. कष्टाने माणूस घडतो याची इतकी खात्री असेल तर यंदाच्या हंगामात नातवाला पाठवून द्या. कोपीची व्यवस्था मी करतो.

आणि ज्यांच्या घरी ‘बाळाला खेळवायला’ आणलेली बारा वर्षांची मुलगी आहे त्यांनी हे पान उलटून पुढे गेलेलं बरं. घरकामाला आणि हॉटेलांत मुलं ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. ‘आम्ही तिला घरच्यासारखंच वागवतो’ हे वाक्य पाठ असतं. घरच्यासारखं वागवता तर ती कितवीत आहे?

मुलींचं थोडं जास्त बोलावं लागेल, कारण हंगाम त्यांच्यावर जास्त कोसळतो. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की तिला तळावर नेता येत नाही, कारण तळ कसा असतो ते आईला माहीत आहे. आणि गावात म्हाताऱ्यांच्या भरवशावर ठेवताही येत नाही. उपाय एकच: लग्न. लग्न झालं की तिची जबाबदारी गेली आणि तिकडे जावयाचा अर्धा कोयता पूर्ण झाला, पूर्ण कोयत्याला पूर्ण उचल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण राज्यात बावीसेक टक्के होतं. बीडमध्ये चाळीसच्या वर. काल भावंडांची आई झालेली पोर आज खरोखरची आई. मधलं बालपण आम्ही वाचवलं. वेळेची केवढी बचत!

आईचं शरीर थकलं की पुन्हा मुलगीच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हा विधिमंडळात आवाज झाला, समिती बसली, खासगी दवाखान्यांवर बोट ठेवून झालं. पिशवी काढलेल्या बाईला जड उचलू नये असं डॉक्टर सांगतो. मग तिच्या डोक्यावरची मोळी कोणाच्या डोक्यावर गेली? हा प्रश्न मला त्या चर्चेत कुठे ऐकू आला नाही. उत्तर आमच्या हजेरीपटात होतं: सातवी-आठवीतल्या मुलींच्या नावापुढे, लाल शाईत.

मालक असलेल्या बालमजुरीत तरी आपण काय दिवे लावले? २०२२ च्या पावसाळ्याअखेर इगतपुरी तालुक्यातली गोष्ट बाहेर आली. कातकरी कुटुंबांची पोरं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात नगरकडच्या मेंढपाळांकडे राबायला दिलेली होती. दहाएक वर्षांची एक मुलगी बेशुद्ध अवस्थेत आई-बापाच्या झोपडीबाहेर टाकून दिली गेली. ती वाचली नाही. मग गुन्हे दाखल झाले, पोरं ‘मुक्त’ झाली, आणि मुक्त झाली की आपल्या दफ्तरात गोष्ट संपते. बोलायचं बंद झालेल्या, अंथरूण ओलं करणाऱ्या, माणूस जवळ आला की अंग चोरणाऱ्या पोराला दाखला आणि शिधापत्रिका देऊन आपण मोकळे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, एम. सी. मेहता खटल्यात, मालकाने प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये पुनर्वसन निधीत भरावेत असं ठरवून दिलं. पुनर्वसन म्हणजे पैसे आणि शाळेत नाव, इथपर्यंतच आपली धाव. तीन दशकं होत आली, त्याच्या पुढे काही असतं अशी शंकासुद्धा आपल्याला आलेली नाही.

म्हणायला सगळं आहे. मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. डोंगरपट्ट्यातून कुठलंही हाकेच्या अंतरावर नाही. २०२२ पासून १४४१६ हा मानसिक आरोग्याचा मोफत नंबर आहे. फार चांगली सोय. कोपीत एकच मोबाइल असतो, तो बापाच्या खिशात फडात असतो, आणि नऊ वर्षांच्या पोरीने त्यावरून फोन लावून ‘मला उदास वाटतं’ असं सांगायचं आहे. शाळेत आणि अंगणवाडीत जाऊन पोरं तपासणारी सरकारी पथकं आहेत. ती हंगामात येतात तेव्हा आमच्या शाळेत जी पोरं असतात ती तपासतात. जी नसतात ती निरोगी.

साखरशाळा होत्या. कारखान्याच्या आवारात, तळाजवळ, कुडाच्या का होईना, त्या पोरांच्या मागे जात होत्या. २०१० मध्ये शिक्षणाचा हक्क लागू झाला, प्रत्येक मुलाने नियमित शाळेतच जावं असं ठरलं आणि साखरशाळा आवरल्या. हक्क मिळाला, शाळा गेली. त्यांच्या जागी हंगामी वसतिगृह आलं: पोरांना गावीच आजी-आजोबांजवळ ठेवा, आम्ही जेवण देतो. योजना वाईट नाही. पोरं तळावर जाण्यापेक्षा हजार पटींनी बरी. पण बहुतेक ठिकाणी वसतिगृह म्हणजे दोन वेळचं ताट. वस्ती नाही, गृह नाही, रात्री पोर जातं डोळ्यांनी अधू आजीजवळ. मंजुरीचा कागद टोळ्या निघून गेल्यावर येतो. आणि शिक्षण हमी कार्ड! ते घेऊन पोराने जिथे जाईल तिथल्या शाळेत बसायचं. टोळी कर्नाटकात गेली तर समोर कन्नड शाळा. मराठीतलं ते कार्ड तिथल्या मास्तरांनी कसं वाचायचं, हे जीआरमध्ये सांगायचं राहिलं असावं.

आई-बापांना मी एकही शब्द बोलणार नाही. पोटच्या पोरीला अंधारात सोडून ऊस भरायला जाणाऱ्या बाईच्या मनात काय चालतं हे विचारायचीही माझी प्राज्ञा नाही. बोलायचं आहे ते ज्यांच्या नावाने दर हंगामाला मोळीची पूजा होते, गव्हाणीत ऊस टाकताना ज्यांचे फोटो निघतात, त्यांना.

पहिलं: तोडणी मजूर तुमचा आहे हे कागदावर मान्य करा. नवऱ्याचं आणि बायकोचं वेगळं नाव, वेगळा पगार, मस्टरवर. मुकादमाच्या आड लपणं बंद. बाईला तिची मजुरी तिच्या हातात मिळाली आणि एक खाडा पडला म्हणून घरदार बुडत नाही एवढी खात्री झाली, तर थोरल्या पोरीच्या डोक्यावरचं निम्मं ओझं एका दिवसात उतरेल. याला समुपदेशक लागत नाही.

दुसरं: मुलं मोजा, पण जानेवारीत. पहाटे चारला, तळावर. कोपी-कोपीत जाऊन कोण जागं आहे आणि कुणाच्या मांडीवर कोण झोपलं आहे हे लिहून घ्या. २०११ च्या जनगणनेने देशात पाच ते चौदा वयाची एक कोटी एक लाख कामकरी मुलं दाखवली होती. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती त्या वर्षी झालीच नाही. तिची वाट बघत बसायचं कारण नाही. कोणत्या तळावर किती कोयते आहेत हे कारखान्याला पक्कं माहीत असतं, कारण उचल त्याच आकड्यावर दिलेली असते.

तिसरं: प्रत्येक मोठ्या तळावर पाळणाघर. पहाटे तीनला उघडणारं, रात्री ट्रॅक्टर येईल तेव्हाही उघडं असणारं, दार असलेलं, दिवा असलेलं, एक पगारी बाई असलेलं. मानसिक आरोग्याच्या गप्पा त्यानंतर. आधी त्या पोरीला रात्री झोपू द्या. मग शाळेत परत आल्यावर तिच्याशी बोलायला शिकलेलं माणूस तालुक्याला निदान एक तरी असू द्या. देवरुष्याला तेवढीच स्पर्धा.

पैसे कुठून, असं विचारलं जाईल. मी एका बैठकीत हे मांडलं होतं तेव्हा एका संचालकांनी तोच प्रश्न केला, चहा ढवळत. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरलेले आहेत. बऱ्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. दहा गुणिले दहा कोटी: वर्षाला शंभर कोटी. तोडणी मजूर ढोबळ मानाने दहा लाख धरा. माणशी हजार रुपये झाले. कोयत्यामागे दोन हजार. शंभर कोयत्यांच्या तळामागे दोन लाख. पाच महिने पाळणाघर चालवायला, दोन बायांना पगार द्यायला आणि एक पत्र्याची खोली उभी करायला हे पुरतील की नाही, यावर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत वाद घाला. मी यायला तयार आहे. सभा फक्त जानेवारीत ठेवा, आणि तळावर.